उभं इंजिन, आडवं इंजिन

प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनात चार सिलिंडर आहेत. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, आणि पिस्टन वर-खाली जातो ते अंतर, म्हणजे स्ट्रोक, ७५ मिलिमीटर. मारुती ८०० मध्ये तीन सिलिंडर. व्यास ६८.५, स्ट्रोक ७२. हिशोब केला तर पद्मिनीच्या एका सिलिंडरचं आकारमान साधारण २७२ सीसी भरतं आणि मारुतीच्या एका सिलिंडरचं २६५. ज्या दोन गाड्यांवरून आपण ‘आधीचा जमाना’ आणि ‘नंतरचा जमाना’ अशी रेघ ओढतो, त्यांचे सिलिंडर जवळजवळ एकाच मापाचे आहेत. मारुतीत एक कमी, इतकंच. दोन्ही इंजिनांची ताकदही ४० अश्वशक्तीच्या आगेमागे.

तरी ज्यांनी दोन्ही गाड्या चालवल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की या दोन गाड्यांत कुठेच सारखेपणा जाणवत नाही. स्टीअरिंगचा जडपणा वेगळा, गिअर टाकण्याची रीत वेगळी, आवाज वेगळा, घाटातलं वागणं वेगळं. हा फरक येतो कुठून, हे बॉनेट उघडून सावकाश पाहण्यासारखं आहे. माझ्या मते त्यातला बराचसा फरक एकाच निर्णयातून निघतो. पद्मिनीत इंजिन उभं बसवलेलं आहे, गाडीच्या लांबीच्या दिशेनं. मारुतीत ते आडवं आहे, एका मडगार्डकडून दुसऱ्या मडगार्डकडे.

आधी दोघींची कुळकथा थोडक्यात. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या परवान्यावर अमेरिकन गाड्या जोडल्या जात, मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५० च्या दशकात फियाट ११०० आली. तिच्या गोलमटोल पहिल्या रूपाला मुंबईकर ‘डुक्कर फियाट’ म्हणत. १९६४ मध्ये कोनदार अंगाची ‘११०० डिलाइट’ आली. तीच गाडी सत्तरच्या दशकात आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि नंतर चितोडच्या राणीच्या नावानं ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. इटलीत ही बॉडी १९६६ मध्येच थांबली होती; कुर्ल्यात ती शतक संपेपर्यंत चालू राहिली. मारुतीची हकीकत बहुतेकांना पाठ आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीच्या किल्ल्या दिल्या गेल्या. मूळ आराखडा सुझुकीचा, कारखाना गुडगावला. १९८६ मध्ये बॉडी बदलली. आज डोळ्यांपुढे येते ती मारुती ८०० हीच दुसरी. १९८३ ते २००० अशी सतरा वर्षं या दोन्ही गाड्या देशात एकाच वेळी तयार होत होत्या. म्हणून ‘दोन काळांतल्या गाड्या’ म्हणताना काळ मोजायचा तो विक्रीचा नाही, आराखड्याचा.

आणि आराखड्याचा काळ मोजायला गेलं तर पद्मिनी वाटते त्याहूनही जुनी निघते. तिचं १०८९ सीसीचं इंजिन, हाच ६८ गुणिले ७५ चा हिशोब, पहिल्यांदा १९३७ मध्ये फियाटच्या ५०८ सी या गाडीत आलं. तेव्हा युरोपात दुसरं महायुद्ध सुरू व्हायचं होतं. मधल्या काळात त्यात पुष्कळ सुधारणा झाल्या, पण सांगाडा तोच राहिला.

आता सिलिंडरच्या डोक्यावर काय घडतं ते पाहू. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आत यायला एक झडप आणि जळलेला वायू बाहेर जायला एक झडप, अशा प्रत्येक सिलिंडरला दोन झडपा. दोन्ही इंजिनांत त्या वरच्या बाजूलाच आहेत. त्या उघडण्याचं काम कॅमशाफ्ट करतो. अंड्यासारखे फुगवटे असलेला हा दांडा फिरतो आणि फुगवटा समोर आला की झडप दाबली जाते.

पद्मिनीत हा कॅमशाफ्ट खाली, इंजिनच्या ब्लॉकमध्ये आहे. झडपा वर आणि कॅम खाली, म्हणून मधलं अंतर तोडायला भागांची एक लांब मालिका लागते. फुगवटा टॅपेटला उचलतो, टॅपेट एका लांब सळईला म्हणजे पुशरॉडला वर ढकलतो, पुशरॉड वरच्या रॉकरचं एक टोक उचलतो, रॉकरचं दुसरं टोक खाली येतं आणि झडप उघडते. ती बंद करायचं काम स्प्रिंगचं. मंद गतीला ही व्यवस्था चोख चालते. पण इंजिन जसं जोरात फिरू लागतं, तसं या सगळ्या लोखंडाला सेकंदाला कित्येकदा ढकलायचं, थांबवायचं आणि परत आणायचं असतं. एका मर्यादेनंतर स्प्रिंगला ते जमत नाही. झडप वेळेवर बसत नाही आणि ताकद गळते. पद्मिनीला आपली पूर्ण ताकद मिनिटाला साधारण ४८०० फेऱ्यांच्या आसपास मिळते. त्यापुढे दामटण्यात फायदा नाही, नुसता आरडाओरडा.

मारुतीत कॅमशाफ्ट थेट वर, सिलिंडरच्या माथ्यावर नेऊन ठेवला आहे. पुशरॉड नाहीतच. पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकशाफ्टकडून वर गती पोचवायला दातेरी रबरी पट्टा, ज्याला गॅरेजमध्ये टायमिंग बेल्ट म्हणतात. पद्मिनीत हे काम छोटी साखळी करते. हलवायचं वजन कमी झालं, म्हणून इंजिन ५५०० फेऱ्यांपर्यंत मोकळेपणानं जातं. ताकद म्हणजे प्रत्येक स्फोटाचा जोर गुणिले मिनिटाला होणारे स्फोट. सिलिंडर एक कमी असला तरी फेऱ्या वाढल्यानं हिशोब बराचसा भरून निघतो.

राहिलेली भरपाई कॉम्प्रेशनमधून येते. पेट्रोलचं मिश्रण पेटण्याआधी पिस्टन त्याला दाबतो. जितकं जास्त दाबाल, तितकं त्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं. पद्मिनीत हे दाबण्याचं प्रमाण सुमारे ७.३ ला १, मारुतीत ८.७ ला १. मग पद्मिनीत वाढवलं का नाही? कारण हलक्या प्रतीचं पेट्रोल जास्त दाबलं की ठिणगी पडल्यावर ज्योत शांतपणे पसरण्याऐवजी उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं, आणि इंजिन ‘खडखड’ करू लागतं. तीसच्या दशकात आखलेल्या इंजिनाला मिळेल त्या पेट्रोलवर जगायचं होतं. सौम्य कॉम्प्रेशन ठेवणं हा त्या काळचा शहाणपणा होता, आणि आपल्याकडच्या पंपांवर तो पुढे कैक वर्षं उपयोगी पडला.

चार सिलिंडरांचं आणि तीन सिलिंडरांचं इंजिन कानालाच कळतं. प्रत्येक सिलिंडर क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, एकदा पेटतो. चार असले तर दर १८० अंशांना एक स्फोट, तीन असले तर दर २४० अंशांना. मारुतीत दोन स्फोटांमधली फट मोठी, म्हणून सावकाश फिरताना तिचा स्वर फुटका वाटतो. शिवाय तीन सिलिंडरांच्या इंजिनाला स्वतःची एक खोड असते. तिन्ही पिस्टनांचे वर-खालचे धक्के एकमेकांना छेदून शून्य होतात, पण दोन टोकांचे पिस्टन एकाच वेळी एका दिशेला जात नसल्यानं इंजिनाचं एक टोक उचललं जातं आणि दुसरं दबतं. हे डोलणं आलटून-पालटून चालू राहतं. सिग्नलला थांबलेल्या मारुतीचा आरसा आणि गिअरचा दांडा थरथरतो तो यामुळे. ज्याला मेकॅनिक फाउंडेशन म्हणतात, ते इंजिनाखालचे रबर जुने झाले की ही थरथर पायापर्यंत येते. चार सिलिंडरांत हे डोलणं नसतं. तिथे फेऱ्या वाढल्यावर एक बारीक वर-खालचा कंप राहतो, पण उभ्या गाडीत तो जाणवत नाही. चांगल्या सेट केलेल्या पद्मिनीचं इंजिन बंद आहे की चालू, हे बॉनेटवर हात ठेवून पाहावं लागे असं टॅक्सीवाले अभिमानानं सांगत. त्या अभिमानाला आधार होता.

आता मुख्य मुद्दा, इंजिन बसवण्याचा.

पद्मिनीत इंजिन उभं. त्याच्या मागे क्लच, क्लचच्या मागे गिअरबॉक्स, सगळं एका ओळीत. गिअरबॉक्समधून निघालेली गती मागच्या चाकांकडे न्यायची, म्हणून गाडीच्या पोटाखालून लांब प्रोपेलर शाफ्ट जातो. तो मागच्या एक्सेलच्या मधोमध असलेल्या डिफ्रन्शियलला मिळतो. इथे एक अडचण येते. शाफ्ट फिरतो तो गाडीच्या लांबीच्या अक्षाभोवती, आणि चाकं फिरतात ती रुंदीच्या अक्षाभोवती. गतीला काटकोनात वळवावं लागतं. ते काम क्राउन आणि पिनियन ही दातेरी चाकांची जोडी करते. तिचे दात एकमेकांवर घासत सरकतात, म्हणून तिथे खास जाड तेल लागतं आणि थोडी ताकद उष्णतेत वाया जाते. जुन्या पद्मिनीच्या मागून वेग पकडताना येणारा घुं-घुं आवाज हा बहुधा याच जोडीचा. शाफ्टला जागा हवी म्हणून गाडीच्या तळाला मधोमध उंचवटा द्यावा लागतो. मागे तिघं बसले की मधल्याला पाय फाकवून बसावं लागतं ते त्याच्यामुळे.

मारुतीत इंजिन आडवं. क्रँकशाफ्ट आधीच चाकांच्या एक्सेलला समांतर आहे. काटकोनाची भानगडच नाही. गिअरबॉक्स इंजिनाच्या शेजारी, त्याच ओळीत आडवा. डिफ्रन्शियल त्याच्याच पोटात. तिथून दोन छोटे शाफ्ट डावी-उजवीकडे निघून पुढची चाकं फिरवतात. प्रोपेलर शाफ्ट गेला, मागचा जड एक्सेल हलका झाला, मधला उंचवटा बसला. पद्मिनी ३.९३ मीटर लांब, १९८६ ची मारुती ३.३३ मीटरच्या आसपास. म्हणजे साठ सेंटिमीटर आखूड. पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर पाहिलं तर पद्मिनीचं २.३४ मीटर, मारुतीचं २.१७५. फरक फक्त सोळा-सतरा सेंटिमीटरचा. माणसं बसतात ती या दोन चाकांच्या मध्ये. मारुतीनं कात्री लावली ती बॉनेटला आणि डिकीला, माणसांच्या जागेला फारशी नाही. वजन पाहा. पद्मिनी ९०० किलोच्या जवळ, मारुती ६५० च्या. सारख्याच ताकदीला अडीचशे किलो कमी ओढायचे. मारुती सिग्नलवरून झपकन का निघते आणि लिटरमागे जास्त किलोमीटर का देते, याचं निम्म्याहून अधिक उत्तर या एका वजाबाकीत आहे.

ही आडवी मांडणी सुझुकीनं शोधलेली नाही. १९५९ मध्ये अलेक इसिगोनिस यांनी ब्रिटिश मिनीत इंजिन आडवं बसवून दाखवलं, पण त्यांनी गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, त्याच तेलात बुडवला होता. दुरुस्तीला ते अवघड आणि दोघांना एकच तेल. यावरची सुटसुटीत तोड १९६४ मध्ये ऑटोबियांकी प्रिमुला या इटालियन गाडीत आली. गिअरबॉक्स इंजिनाच्या टोकाला, शेजारी, स्वतःच्या तेलासह. तिथे जागा पुरेना म्हणून एका बाजूचा शाफ्ट आखूड आणि दुसऱ्या बाजूचा लांब ठेवला. १९६९ च्या फियाट १२८ मध्ये ही मांडणी पूर्ण परिपक्व झाली आणि पुढे जगभरच्या छोट्या गाड्यांनी ती उचलली. मारुती ८०० तिच्यावरच उभी आहे. आणि ती मांडणी आखणारे अभियंते होते दान्ते जाकोसा. हेच जाकोसा १९३७ च्या फियाट ५०८ सी मागे होते, जिचं १०८९ सीसीचं इंजिन पुढे पद्मिनीच्या बॉनेटखाली आलं. एका गाडीत त्यांच्या हाताखाली आकाराला आलेलं इंजिन, दुसरीत त्यांनी घातलेली मांडणी. आपल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं एकमेकींना ओलांडत गेलेल्या या दोन गाड्या तोरिनोच्या एकाच माणसाच्या विचाराच्या दोन टप्प्यांवरच्या आहेत. मला या सगळ्या तुलनेतली ही सर्वात सुंदर गोष्ट वाटते.

मग १९३७ मध्येच इंजिन आडवं का नाही बसवलं? याचं उत्तर एका सांध्यात आहे. पुढच्या चाकांना ताकद द्यायची तर त्यांना फिरवायचंही आहे आणि वळवायचंही. शाफ्ट आणि चाक यांच्यात असा सांधा हवा, जो तिरका झाला तरी गती सारखी पोचवेल. पद्मिनीच्या प्रोपेलर शाफ्टला जो साधा सांधा असतो, ज्याला गॅरेजमध्ये ‘क्रॉस’ म्हणतात, त्याला हे जमत नाही. तो तिरका झाला की एका फेरीत पुढचा भाग दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. प्रोपेलर शाफ्टला कोन लहान असतो आणि दोन क्रॉस एकमेकांची चूक दुरुस्त करतात, म्हणून तिथे चालून जातं. चाक तीसेक अंशांत वळलं की मात्र स्टीअरिंग हातात झटके मारेल. त्यासाठी सीव्ही जॉइंट लागतो. त्याच्या आत खोबणींमध्ये सहा पोलादी गोळ्या असतात. शाफ्ट तिरका झाला तरी या गोळ्या दोन्ही बाजूंमधल्या कोनाच्या बरोब्बर मधल्या प्रतलात राहतात, म्हणून दोन्हीकडची गती सारखी राहते. कल्पना जुनीच, पण टिकाऊ आणि स्वस्त सीव्ही जॉइंट मोठ्या संख्येनं बनू लागले ते महायुद्धानंतर बऱ्याच वर्षांनी. ते आल्यावर पुढच्या चाकांनी चालणारी छोटी गाडी सामान्य घराच्या आवाक्यात आली.

मारुती चालवणाऱ्यांना हा सांधा त्याच्या आजारपणात भेटतो. त्यावर रबरी टोपी असते, आत ग्रीस. टोपी फाटली की ग्रीस उडून जातं, धूळ शिरते आणि पूर्ण वळण घेताना चाकापाशी ‘कट-कट’ ऐकू येतं. टोपी फाटलेली दिसताच बदलली तर काम थोडक्यात भागतं. आवाज सुरू झाल्यावर सांधाच बदलावा लागतो.

या दोन मांडण्यांची खरी कसोटी घाटात लागते. बोरघाटाच्या चढाला जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट हे एकेकाळी नेहमीचं दृश्य होतं. उभ्या इंजिनाचं तोंड पुढे रेडिएटरकडे असतं, म्हणून क्रँकशाफ्टच्या टोकावरून बेल्ट घेऊन पंखा फिरवणं सोपं. पण मग पंखा इंजिनाच्या गतीला बांधला जातो. चढावर भरलेली गाडी सावकाश चाललेली, समोरून वारा नाही, इंजिनावर पूर्ण भार, त्यात पुढच्या ट्रकमागे थांबावं लागलं की इंजिन मंद आणि पंखाही मंद. नेमकी जेव्हा हवा हवी तेव्हा कमी मिळते. पाणी उकळतं. आडव्या इंजिनाचं तोंड मडगार्डकडे असल्यानं पुढचा पंखा बेल्टनं फिरवणं अडचणीचं, म्हणून तिथे विजेचा पंखा आला. पाणी ठरावीक तापमानाला पोचलं की एक स्विच लागतो आणि इंजिन मंद असलं तरी पंखा पूर्ण वेगानं फिरतो. मांडणीच्या अडचणीतून आलेली ही सोय घाटात फार उपयोगी पडली.

पकडीच्या बाबतीत मात्र चढ पद्मिनीच्या बाजूचा. चढावर गाडीचं वजन मागे झुकतं. पद्मिनीची ताकद मागच्याच चाकांना जाते, तिथे वजन वाढलं की टायर रस्त्याला घट्ट धरतात. मागे तिघं, डिकीत सामान, वर कॅरिअरवर ट्रंका, हे सगळं तिच्या पथ्यावरच पडतं. मारुतीत वजन मागे गेलं की पुढची, म्हणजे ओढणारी, चाकं हलकी होतात. पावसाळ्यात चिखलाच्या चढावर भरलेली मारुती पुढची चाकं जागेवर फिरवत उभी राहते ती यामुळे. सपाट ओल्या रस्त्यावर चित्र उलट आहे. मारुतीचं इंजिन, गिअरबॉक्स सगळं पुढच्या चाकांवर बसलेलं, म्हणून एक-दोन माणसं असली तरी तिची पकड चांगली. रिकामी पद्मिनी ओल्या वळणावर मागून सरकायची आणि चालकाला ते सांभाळायला शिकावं लागायचं.

उतारावर ब्रेकची परीक्षा. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम. ड्रमच्या आत दोन अर्धगोल बुटांसारखे भाग बाहेर दाबले जातात. त्यातला पुढचा, फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाणारा, दाराखाली सरकवलेल्या पाचरीसारखा आपोआप आणखी घट्ट बसतो. त्यामुळे थोड्या जोरात बराच ब्रेक लागतो. पण उष्णता बंद डब्यात कोंडते. लांब उतारावर सतत पाय ठेवला की लायनर तापतात, घर्षण कमी होतं आणि पेडल तितकंच दाबूनही गाडी रेटत राहते. म्हणून जुने चालक ‘ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा’ असं शिकवत. १९८६ च्या मारुतीत पुढे डिस्क आली. उघडी तबकडी, दोन्हीकडून चिमटा, वाऱ्यात लगेच थंड होणारी. ब्रेक मारल्यावर वजन पुढे जातं, म्हणून पुढे डिस्क आणि मागे ड्रम एवढी व्यवस्था छोट्या गाडीला पुरते. तरीही गिअरमध्ये उतरण्याचा नियम दोघींना सारखाच लागू आहे.

खड्ड्यांचा हिशोब वेगळा. पद्मिनीच्या मागे अखंड एक्सेल आणि लोखंडी पाटे. पाटे स्प्रिंगचंही काम करतात आणि एक्सेलला जागेवर धरूनही ठेवतात. एखादा पाटा तुटला तर कोणत्याही गावातला लोहार जोडून देई. भार वाढला तरी ते तक्रार करत नाहीत. पुढे मुंबईत टॅक्सी सीएनजीवर आल्या तेव्हा डिकीत सिलिंडरचं वजन वर्षानुवर्षं या पाट्यांनी वाहिलं. मारुतीच्या पुढे स्ट्रट आणि बारा इंची चाकं. हलकी, स्वस्त, शहरातल्या रस्त्याला पुरेशी. खड्ड्यात मात्र लहान चाक खोल उतरतं, आणि पद्मिनीचं चौदा इंची चाक त्याच खड्ड्यावरून तरंगत जातं.

गिअरचा दांडा पद्मिनीत स्टीअरिंगच्या खांबाला. पुढे सलग बाक असल्यानं चालकाशेजारी दोघं बसू शकत, टॅक्सीला ते सोयीचं. पण त्या दांड्याची हालचाल सळ्या आणि बुश यांमधून खाली गिअरबॉक्सपर्यंत पोचते. बुश झिजले की गिअर मध्येच अडकतो आणि बॉनेट उघडून सळई हातानं सरळ करावी लागते. पहिल्या गिअरला दातांची गती आपोआप जुळवणारा सिंक्रोमेशही नाही. गाडी चालती असताना तो टाकायचा तर क्लच दोनदा दाबून, मध्ये न्यूट्रलमध्ये इंजिनाला थोडी गती देऊन दात जुळवावे लागतात. ज्याला हे जमतं त्याला गिअरबॉक्सच्या आत काय चाललं आहे ते पायातून कळतं. मारुतीनं ही गरज संपवली. दांडा जमिनीतून आला, पुढचे चारही गिअर बिनबोभाट पडू लागले. आपल्याकडे हजारो स्त्रिया आणि निवृत्त माणसं ज्या गाडीवर पहिल्यांदा चालवायला शिकली ती मारुती, याचं एक कारण हे आहे.

गॅरेजमध्येही दोघींनी दोन प्रकारचे कारागीर घडवले. उभ्या इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी जागा असते. पद्मिनीत पॉइंट घासता येतात, टॅपेटची फट फिलर गेजनं मोजून बसवता येते, कार्बोरेटर उघडून जेट फुंकता येतो, डोकं उतरवून झडपा घासून बसवता येतात, रिबोअर करता येतं. प्रत्येक गोष्ट थोडी-थोडी बिघडते आणि थोडी-थोडी सुधारता येते. कुर्ला, परळ, दादरच्या गल्ल्यांत एका पाना-पक्कडीवर उभे राहिलेले मेकॅनिक या गुणावर जगले. मारुतीत सगळं घट्ट बसवलेलं आहे, हात घालायला जागा कमी, पण हात घालायची वेळही क्वचित येते. बिघडलेला भाग काढायचा, नवा बसवायचा. मालकाच्या दृष्टीनं हे निर्विवाद चांगलं आहे, आणि मी रोजच्या वापराला आजही मारुतीच घेईन. पण यंत्र कसं चालतं हे कुणाला शिकवायचं असेल तर मी पद्मिनीचं बॉनेट उघडेन, कारण तिच्यात प्रत्येक काम वेगळं दिसतं आणि ते कुठून कुठे जातं हे बोटानं दाखवता येतं.

दोन्ही गाड्या आता रोजच्या रस्त्यावरून गेल्या आहेत. मुंबईत ताडदेवच्या आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून बाद झाली. मारुती ८०० ला उत्सर्जनाच्या नियमांनी २०१० मध्ये मोठी शहरं सोडायला लावली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. यांतली एखादी जपून ठेवायची असेल तर दोघींत तपासायच्या जागा वेगळ्या आहेत. दोन्ही गाड्यांना वेगळी चौकट नाही, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा आहे, म्हणून गंज हा फक्त रंगाचा प्रश्न नसतो. पद्मिनीत तळ, दारांखालच्या पट्ट्या आणि मागचे पाटे जिथे अडकवलेले असतात त्या जागा हातोडीच्या दांड्यानं ठोकून पाहाव्यात. मारुतीत बॅटरीखालचा पत्रा आणि पुढच्या स्ट्रटचं वरचं टोक. पद्मिनी महिनोन् महिने उभी राहिली तर ब्रेकचे सिलिंडर अडकतात आणि टाकीत साचलेला गाळ कार्बोरेटरमध्ये येतो. मारुतीत गाडी किती चालली आहे ते न बघता आधी टायमिंग बेल्टचं वय विचारावं, कारण रबर उभ्या गाडीतही जुनं होतं.

कागदपत्रांचंही बघावं लागतं. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २० हजार रुपये आणि पुनर्नोंदणीला ५ हजार लागतात, आणि रोजच्या वापराला ती चालत नाही. पद्मिनी हे नाव लागलेल्या पहिल्या गाड्या आता या वयाला पोचल्या आहेत. पहिल्या मारुतीला तिथे पोचायला डिसेंबर २०३३ उजाडेल. तोवर तिची साधी नोंदणी वेळेवर पुढे नेत राहावं लागेल, आणि मूळ रूपाची अट लक्षात ठेवून तिचे मूळ दिवे, बंपर आणि कार्बोरेटर भंगारात न देता जपून ठेवावे लागतील.